यमुना, यमू, यमी : मराठी मुलींच्या नावांतील प्रतिष्ठेचा इतिहास

मुलीचे नाव ठरविताना मराठी घरांत आजही जे प्रश्न विचारले जातात, त्यांत एखादे जुने, संस्कृत वळणाचे नाव फार भारदस्त तर वाटणार नाही ना, हा प्रश्न हमखास असतो. अरुंधती, भागीरथी, मैत्रेयी, सरस्वती ही नावे पाळण्यातल्या जिवाला पेलतील का, अशी काळजी वरवर ध्वनीची आणि लांबीची दिसत असली, तरी तिच्या पोटात दुसरी एक शंका दडलेली असते. आपल्यासारख्यांच्या घरात हे नाव शोभेल का आणि ऐकणारा त्यावरून मुलीचे घर, जात आणि ऐपत काय ताडील, ही ती शंका होय. ही शंका नवी नाही, कारण नावांची प्रतवारी लावण्याचा प्रयत्न दोन हजार वर्षांपूर्वीच झाला होता. मात्र मराठी स्त्रियांच्या नावांचा इतिहास पाहिला, तर प्रतिष्ठा नावात क्वचितच वसत होती असे दिसते. एकच नाव राणीचे असे आणि मोलकरणीचेही असे. दोघींतील अंतर ते नाव पुरते उच्चारले जाते की तोडून, यावरून कळत असे.

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार असून मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात त्याचे नियम दिले आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे ऐकणाऱ्याला किळस यावी असे असावे, असा तो दंडक आहे. स्त्रीच्या नावासाठी वर्णानुसार वेगळी वाटणी नाही. ते उच्चाराला सोपे, अर्थाला स्पष्ट, मनाला रुचणारे, शुभ आणि दीर्घ स्वराने संपणारे असावे, एवढेच सांगितले आहे. आकारान्त आणि ईकारान्त नावांची जी सवय मराठी कानाला आहे, तिचे शास्त्रीय समर्थन याच ठिकाणी सापडते. परंतु तिसऱ्या अध्यायात, वधू कशी निवडावी हे सांगताना, नक्षत्र, वृक्ष, नदी, पर्वत, पक्षी, सर्प, अंत्यज किंवा दास यांच्यावरून जिचे नाव ठेवले आहे आणि जिचे नाव भीतिदायक आहे, अशी मुलगी करू नये, असेही बजावले आहे.

हा दुसरा नियम महाराष्ट्राने जवळजवळ संपूर्णपणे झुगारून दिला, आणि ही गोष्ट या भूमीतील स्त्रीनामांच्या इतिहासात फार मोलाची आहे. गंगा, गोदावरी, कृष्णा, यमुना, भागीरथी ही नद्यांची नावे, तुळसा हे झाडाचे नाव, रोहिणी आणि रेवती ही नक्षत्रांची नावे, मैना हे पक्ष्याचे नाव इथे घरोघर ठेवली गेली, आणि शास्त्र सांगणाऱ्या पुरोहितांच्या घरांतही ती तितक्याच आनंदाने ठेवली गेली. नाणेघाटातील प्रसिद्ध लेख जिच्या यज्ञांची आणि दानांची नोंद करतो, त्या सातवाहन राणी नागनिकेच्या नावातच सर्प आहे. नाशिकच्या लेण्यांत इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लेख कोरविणारी गौतमी बलश्री ही राजमाता तर नाव आणि प्रतिष्ठा यांचा निराळाच संबंध दाखविते, कारण तिच्या मुलाची ओळख गौतमीपुत्र अशी आईवरून सांगितली जाते आणि त्याच घराण्यात वासिष्ठीपुत्र हेही बिरुद आढळते. गौतमी आणि वासिष्ठी ही त्या स्त्रियांची गोत्रांवरून आलेली नावे होत, म्हणजे आईचे मूळ कुल त्यातून सांगितले जात होते. मुलाच्या नावात आईचे नाव लिहिण्याची रीत पुढे लोपली. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदींत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक केला, तेव्हा या भूमीला काही परके सांगितले गेले असे म्हणता येणार नाही.

मध्ययुगात तर एकाच नावाची दोन टोके स्पष्ट दिसतात. चौदाव्या शतकातील संत चोखामेळा यांची पत्नी सोयराबाई ही अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातील स्त्री, आणि तिने रचलेल्या अभंगांत विटाळाच्या कल्पनेला थेट प्रश्न विचारलेला आहे. सतराव्या शतकात छत्रपती शिवाजी महाराजांची राज्याभिषिक्त पट्टराणी झाली, तिचेही नाव सोयराबाई. शिवरायांच्या मातोश्री जिजाबाई या सिंदखेडच्या लखुजी जाधवांसारख्या बड्या सरदाराच्या कन्या. आणि त्याच काळात देहूच्या तुकोबांच्या घरी दारिद्र्याशी झुंजणारी त्यांची पत्नीही जिजाईच, जिला घरात आवली म्हणत. चोखोबांच्या बहिणीचे नाव निर्मळा होते. आज एखाद्याला ते खास शिकलेल्या घरातील वाटेल इतके ते स्वच्छ संस्कृत वळणाचे आहे. नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई आणि आळंदीच्या ब्राह्मण कुळातील मुक्ताबाई या दोघींची नावे वारकऱ्यांच्या मुखी एकाच आदराने येतात. विशिष्ट नाव विशिष्ट जातीपुरते राखून ठेवलेले होते, असे या काळाबद्दल मुळीच म्हणता येत नाही.

ओबडधोबड नावे खालच्या मानलेल्या जातींपुरती होती, हा समजही टिकत नाही. मुले जगत नसली, की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे पाहूही नये, म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवण्याची पद्धत सर्व जातींत होती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षी कर्व्यांचे नाव धोंडो केशव असेच होते, आणि ते चित्पावन ब्राह्मण कुटुंबातील होते. दलित आत्मकथनांच्या परंपरेत अग्रस्थानी असलेल्या ‘बलुतं’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे लेखक दया पवार यांचे मूळ नाव दगडू. नावांचा अर्थ एकच असला, तरी धोंडोचा ‘धोंडोपंत’ होई आणि दगडूचा ‘दगड्या’ होई. जी प्रतवारी मनुस्मृतीने नावाच्या निवडीत घालू पाहिली, ती समाजाने नावाच्या हाकेत घातली.

स्त्रियांच्या बाबतीत ही हाक कशी बदलत असे, हे जवळून पाहण्याजोगे आहे. यमुना हे एकच नाव घेतले, तरी सासरी मान मिळविलेल्या कर्त्या स्त्रीला यमुनाबाई, माहेरच्या लाडक्या मुलीला यमू, रागावलेल्या सासूच्या तोंडी यमे, आणि अंगण झाडणाऱ्या बाईला यमी, अशी त्याची रूपे होत. गोदावरी ब्राह्मणाच्या घरी गोदूताई होई आणि कुणब्याच्या घरी गोदा. रखुमाईची रखमी आणि गंगेची गंगी व्हायला मालकाची एक हाक पुरे असे. ईकारान्त तुटक रूप लाडाने घेतले तर माया आणि बाहेरच्याने घेतले तर अवमान, हा फरक मराठी कानाला कोणी शिकवावा लागला नाही. पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हाच्या पहिल्या सहा विद्यार्थिनींची जी नावे चरित्रग्रंथांतून दिली जातात, ती या दृष्टीने वाचली पाहिजेत : अन्नपूर्णा जोशी, सुमती मोकाशी, दुर्गा देशमुख, माधवी थत्ते, सोनू पवार आणि जनी कर्डिले. पहिली चार नावे पुरती आहेत आणि शेवटची दोन घरगुती हाकेच्या रूपात आहेत. एकाच पटावर बसलेल्या या मुलींचे शिक्षण एक होते, पण नोंदीतील नावांवरून त्यांच्या घरांमधील अंतर लक्षात येते. म्हणूनच १८५५ साली याच फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला आणि ती मुक्ताबाई म्हणून ओळखली गेली, ही घटना स्त्रीनामांच्या इतिहासातही मोठी आहे. ज्यांना गावात पुरत्या नावाने कोणी हाक मारीत नसे, त्यांतील एका मुलीचे नाव आदरार्थी प्रत्ययासह इतिहासात नोंदले गेले.

स्त्रीच्या नावाची आणखी एक अडचण अशी, की ते तिच्याजवळ आयुष्यभर राहीलच याची शाश्वती नसे. बारशाला, म्हणजे जन्मापासून बाराव्या दिवशी, सुवासिनी पाळण्याच्या वरून आणि खालून बाळाची देवाणघेवाण करीत, आत्या बाळाच्या कानात नाव सांगून ‘कुर्र’ करी, आणि नक्षत्राच्या चरणाक्षरावरून काढलेले जन्मनाव पत्रिकेपुरते राहून व्यवहारासाठी दुसरे नाव ठेवले जाई. इतक्या कौतुकाने ठेवलेले हे नाव लग्नाच्या दिवशी पुसले जाई. लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताम्हणात तांदूळ पसरून त्यात वराने सोन्याच्या अंगठीने वधूचे नवे नाव लिहावयाचे, ते सर्वांना सांगावयाचे आणि मग साखर किंवा पेढे वाटावयाचे, अशी ती रीत होती. ब्राह्मण आणि इतर पांढरपेशा जातींत ती विशेष घट्ट होती. नव्या नावाची निवड सासरची असे, आणि ते पतीच्या नावाशी जुळावे अशी हौस पुष्कळदा दिसते. नारायण वामन टिळकांच्या पत्नी माहेरी मनकर्णिका होत्या, त्या सासरी लक्ष्मी झाल्या आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ याच नावाने लिहून अजरामर झाल्या. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई आणि न्यायमूर्ती माधवराव रानड्यांच्या पत्नीही रमाबाई. विष्णूच्या नावाला लक्ष्मीचे नाव, असा हा मेळ आहे. झाशीच्या राणीचे माहेरचे नावही मनकर्णिकाच होते. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली ज्या विधवेशी विवाह केला, ती गोदूबाई आनंदीबाई झाली. पुनर्विवाहाने तिला नवे आयुष्य मिळाले, पण जुने नाव सोडावे लागले.

या नामांतरांमध्ये यमुनेचा वारंवार बळी गेला. न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ साली विवाह होण्यापूर्वी रमाबाई यमुना होत्या. अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशीही नऊ वर्षांच्या असताना गोपाळरावांशी लग्न होईपर्यंत यमुनाच होत्या. मराठी कादंबरीचा आरंभ ज्या पुस्तकापासून सांगितला जातो, त्या बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटन’ची नायिका यमुना, आणि हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’ पत्रात १८९० पासून क्रमशः लिहिलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची नायिकाही यमूच. एकोणिसाव्या शतकातील मध्यमवर्गीय मराठी घरात हे नाव किती सर्वसामान्य होते, याची याहून चांगली साक्ष मिळणे कठीण. लेखकाला कोणतीही एक मुलगी दाखवावयाची असे, तेव्हा त्याला हेच नाव सुचे. शतकभरात त्याची कळा पालटली. नदीचे नाव म्हणून ते सर्वांच्या कानावर असते. मुलीसाठी सुचविले, तर एकाला ते जुनाट, दुसऱ्याला खेडवळ आणि तिसऱ्याला फार जड वाटते. नाव तेच असून त्याच्याविषयीचे मत इतके बदलते, यावरून भारदस्तपणा हा नावाचा अंगभूत गुण नसल्याचे पुरेसे स्पष्ट व्हावे.

विसाव्या शतकात नावांचा स्रोत देवघरातून रंगभूमीकडे आणि पुस्तकांकडे सरकला. किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० साली आणि ‘सौभद्र’ १८८२ साली आले, देवलांचे ‘शारदा’ १८९९ साली, खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली आणि गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली. शकुंतला, सुभद्रा, शारदा, भामिनी आणि सिंधू ही नावे या नाटकांनी गावोगाव पोचविली. स्त्रीभूमिका पुरुष करीत असण्याच्या त्या काळात मुलींना आवडलेली ही नावे बालगंधर्वांसारख्या नटांनी गाजविलेली होती. लता मंगेशकर यांचे पहिले नाव हेमा होते आणि पित्याने गाजविलेल्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका या पात्रावरून ते बदलले गेले, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. पुढे नलिनी, कुसुम, विमल, मालती, सुलोचना अशी नावे शिकलेल्या शहरी घरांत रूढ झाली, आणि मग मीना, उषा, आशा, शीला अशा दोन अक्षरी नावांचा काळ आला. या छोट्या नावांना तोडून लहान करता येत नव्हते आणि ‘बाई’ लावून मोठे करण्याची गरजही वाटत नव्हती, त्यामुळे त्यांनी जातींमधील नावांचे अंतर नकळत कमी केले. ‘बाई’ या प्रत्ययाचा मान मात्र त्याच सुमारास उतरू लागला होता; शहरात तो घरकामाच्या स्त्रीला लागू लागला तशी सुशिक्षित स्त्री ‘ताई’ झाली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या नावांत तो गानकलेच्या परंपरेचा म्हणून टिकला, तर मोगूबाईंच्या कन्येला सर्वजण किशोरीताई म्हणू लागले.

दलित समाजासाठी नावाचा प्रश्न आवडीनिवडीचा कधीच नव्हता, तो माणुसकीचा होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना स्पृश्य स्त्रियांप्रमाणे लुगडे नेसण्यास आणि जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकण्यास सांगितले, आणि नावाच्या बाबतीत हेच पाऊल १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धम्मदीक्षेनंतर उचलले गेले. यशोधरा, सुजाता, विशाखा, संघमित्रा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा ही नावे बौद्ध वस्त्यांतून मोठ्या अभिमानाने ठेवली जाऊ लागली. ही नावे पाली आणि संस्कृत परंपरेतील, लांब, गंभीर, इतिहासाने भारलेली, म्हणजे आजच्या शंकेच्या भाषेत अगदी ‘भारदस्त’ आहेत. आणि ज्यांच्या आज्या गावात तुटक नावाने ओळखल्या जात, त्या घरांनी ती जाणीवपूर्वक निवडली. पाळण्यातल्या जिवाला संघमित्रा हे नाव पेलेल का, असा प्रश्न त्या पिढीने विचारला नाही; आपल्या मुलीला ज्ञान आणि धम्म यांचा वारसा नावासह मिळावा, हे तिने पाहिले. मराठी नावांच्या इतिहासातील हा सर्वांत धीट निर्णय होय.

याच्या नेमके विरुद्ध टोक साताऱ्यात दिसले. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली, की तिचे नाव नकोशी किंवा नकुसा ठेवण्याची पद्धत त्या जिल्ह्यात होती. दगडू आणि धोंडू यांच्या मागे निदान मूल जगावे ही इच्छा असे. इथे मात्र तिरस्काराचाच शिक्का मुलीने शाळेत, शेजारात, लग्नात वागवावयाचा होता. ऑक्टोबर २०११ मध्ये प्रशासनाने घेतलेल्या समारंभात अशा दोनशेहून अधिक मुलींनी नवी नावे घेतली. काहींनी हिंदी चित्रपटांतील नट्यांची नावे निवडली, हे स्वाभाविकच होते. परंतु काहींनी सावित्रीसारखी जुनी, पुराणांतली नावे निवडली, आणि जुने नाव फार जड होते असे मानणाऱ्यांनी या निवडीकडे लक्ष दिले पाहिजे.

अलीकडच्या काळात शहरी मध्यमवर्गाने जुन्या नावांकडे पुन्हा वळण घेतले आहे. सई, मुक्ता, रमा, गार्गी, जान्हवी ही नावे शाळांच्या पटांवर सहज आढळतात, आणि नद्यांची ओढही कायम आहे. ब्रह्मदेशात जन्मल्यामुळे १९०५ साली तिथल्या महानदीचे नाव मिळालेल्या इरावती कर्वे यांचे नाव आज कोणाला परके वाटत नाही. मात्र हे पुनरुज्जीवन सर्व जुन्या नावांच्या वाट्याला आलेले नाही. शिवरायांच्या राणीची सई परतली, पण साळू, ठकी, बायजा, जनी, धोंडी परतलेल्या नाहीत, आणि जनाबाईंचे अभंग सर्वत्र गायिले जात असूनही जना हे नाव विरळाच ठेवले जाते. परतलेली नावे पाठ्यपुस्तके, नाटके, बखरी आणि मालिका यांत जपली गेली होती. न परतलेली नावे जात्यावरच्या ओव्यांत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या, आणि त्यांत आई आपल्या लेकीला मैना, साळू, हरणी अशा हाकांनी बोलाविते. पक्ष्यावरून नाव असलेली मुलगी करू नये असे मनुस्मृतीने सांगितले होते. पहाटे दळणाऱ्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच नाव लेकीला दिले, आणि त्याहून मोठ्या मायेचे नाव त्यांच्यापाशी दुसरे नव्हते.